एकाच्या वरचे आकडे

मेधाच्या आईंचा फोन आला तेव्हा मी हावड्याहून सुटलेल्या लाँचवर होतो. "सर, मेधा गेली. कालच..." पुढचं इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही, आणि मी परत विचारलंही नाही. त्याला आता दीड महिना झाला.

तिचे वडील बँकेच्या बदलीवर कोलकात्याला आले ते इथलेच झाले. मेधा शहराच्या बेहाला भागात वाढली. आमच्या प्रयोगशाळेत ती माझ्या हाताखाली मेंदूच्या एमआरआयचं विश्लेषण करायची. मेंदूतलं पाणी तंतूंच्या दिशेनं किती सरकतं ते मोजून आम्ही एक आकडा काढत असू. तो शून्य ते एक यांच्यामध्येच हवा. एका दुपारी ती टेबलाशी येऊन उभी राहिली. "सर, नऊ पेशंटमध्ये एकाच्या वर येतंय. असं होऊच नाही शकत." तिचं मराठी असं, जरा हिंदीच्या वळणाचं. मला शोधनिबंध पाठवायची घाई होती. म्हटलं, "मशीनमुळे येत असेल. एकाच्या वरचं सगळं एक धर आणि पुढे चल." तिनं तसं केलं नाही, शोधत बसली. आठवड्यानं विभागाच्या बैठकीत त्या आकड्यांचा विषय निघाला, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मेधाच्या हातून काहीतरी गडबड झालीय." महिनाभरात तिनं राजीनामा दिला आणि घरीच गणिताच्या शिकवण्या सुरू केल्या.

तिनं नोकरी सोडल्यावर मी त्या फाइली उघडल्या. नऊही पेशंटच्या प्रतिमांचा क्रम बिघडला होता, त्यामुळे प्रत्येक प्रतिमेला भलत्याच दिशेची नोंद लागत होती. त्या फाइली मशीनवरून मीच उतरवून घेतल्या होत्या. क्रम लावला, आकडे जागेवर आले, निबंध छापून आला. तिला फोन करायचा होता... आज करू, उद्या करू म्हणत चार वर्षं गेली. ती आजारी असल्याचंही मला दुसऱ्याकडून कळलं, तरी गेलो नाही.

गेल्या रविवारी बेहालाला मेधाच्या आईंकडे गेलो. म्हटलं, "काकू, तेव्हा चूक माझी होती." त्या जराही दचकल्या नाहीत. "तिला ठाऊक होतं. सोडायच्या आधीच तिला सापडलं होतं. मी म्हटलं, मग सांग ना सगळ्यांना. तर म्हणाली, सर स्वतःच सांगतील."

मग त्यांनी तिची शिकवणीची खोली उघडली. फळ्यावर तिच्या अक्षरातलं अर्धवट गणित तसंच होतं. काकूंनी ते पुसलेलं नाही. समोर मुलांचा बाक. "बसा ना," काकू म्हणाल्या.

मी उभाच राहिलो.