वाडीभर हिंडलेला गुडघ्याचा पट्टा

माझा उजवा गुडघा पहिल्यांदा दुखला तेव्हा मी एवढ्या जोरात ओरडलो की खाली मळवली स्टेशनात उभ्या असलेल्या गाडीच्या गार्डाला तो भोंगा वाटला आणि गाडी वेळेआधी सुटली, असं सांगतात. सांगणारा मीच आहे, पण तेवढ्यानं ते खोटं ठरत नाही.

आठवडाभर मी मळवलीत एका बंगल्याची राखण करतो, घरची भातशेती करतो आणि शनिवार-रविवारी पाहुण्यांना भाजे गावावरून वर गडावर घेऊन जातो. चढताना गुडघा कोकरासारखा गरीब. उतरायला लागलो की मात्र बाहेरच्या अंगाला, वाटीच्या जरा शेजारी, कुणीतरी तापलेली सुई टोचायला घ्यायचं. सपाटीला आलो की दुखणं गायब. बंगल्याच्या ओट्यावर पाय दुमडून तासभर बसलो की पुन्हा हजर.

एरवी मी हा गुडघा चारचौघांत मिरवला असता. पण त्या साली तो लपवणं भाग होतं, कारण मार्गशीर्षात भाचीचं लग्न होतं. आमच्यात नवरी गौरीहरापासून बोहल्यापर्यंत चालत येत नाही. मामा तिला उचलून आणतो. मान थोरल्या मामाचा, म्हणजे माझा. तिच्या आईलाही आमच्या मामानं असंच आणलं होतं, आणि ही भाची पाळण्यात होती तेव्हापासून मी तिला सांगत आलो होतो की तुला तर मी एका हातावर नेणार, दुसऱ्या हातानं मिशीला पीळ देत. आता कार्यालय ठरलं ते असं की गौरीहराची खोली वर, बोहलं खाली आणि मधे जिना. थोडक्यात, नवरीसकट उतरायचं.

त्यात भाची फिजिओथेरपी शिकलेली. लोणावळ्याच्या एका दवाखान्यात दिवसभर लोकांचे गुडघेच बघते. तिला कळलं असतं तर तिनं मला हात लावू दिला नसता आणि मान गेला असता माझ्या धाकट्या भावाकडं. हा कंपनीत कामाला आणि उरलेला वेळ जिममध्ये. त्याचे दंड असे की शर्ट शिवताना शिंपी बाह्यांचं कापड आधी बाजूला काढून ठेवतो, उरलेल्यात अंग बसवतो.

"दादा, झेपंल ना तुला?" तो रोज जेवताना विचारायचा. "न्हाईतर मी हायेच."

"तू आहेस हे दिसतंय," मी म्हणायचो. "दारातून आडवा होऊन आत येतोस."

शेवटी एका सोमवारी मी गुपचूप लोणावळ्याला गेलो आणि डॉक्टरी सामानाच्या दुकानात शिरलो. म्हटलं, गुडघ्याचा पट्टा द्या.

"कुठल्या अंगाला दुखतंय, भाऊ?" दुकानदारानं विचारलं. "आतून, बाहेरून, समोरून? बसा, पॅन्ट वर घ्या, माप घेऊ."

मी पॅन्टला हात घालणार तोच आमच्या वाडीतली मावशी दारात. ही मावशी दूध घालायला निघते तेव्हा दुधाच्या आधी बातमी पोचते. मी चटकन हात मागं घेतला. "माझा न्हाई हो, आईसाठी पाहिजे."

"मग त्यांचं माप?"

"माप कशाला? सगळ्यात घट्ट द्या."

मोजा असतो तशी ती नळी होती, दोन्ही बाजूंनी उघडी, काळी, खाली घोट्याकडून वर ओढायची. मी सगळ्यात लहान घेतली. जितकी घट्ट तितकं बळ, असा माझा हिशेब. रविवारी ती चढवून पाहुण्यांसोबत निघालो. अर्ध्या वाटेत पायाला मुंग्या आल्या. गडाच्या दरवाजापाशी पोचेपर्यंत पावलाला कळेना ते कुणाचं आहे. शेजाऱ्याचा पाय उसना आणून लावल्यासारखा मी तो टाकत होतो. नळी काढली तर गुडघ्याच्या वर-खाली असे वळ उठले होते की पाहुण्यांतल्या एका बाईनं हळूच विचारलं, "साप का हो?" आणि उतरताना सुई होती तिथंच होती.

घरी आलो तर आई दारात बसलेली.

"माझा पट्टा कुटं हाय?"

"कुठला पट्टा?"

"मावशी सांगून गेली, लेकानं तुझ्यासाठी पट्टा आणलाय म्हनून. चार दिस झालं वाट बघतीय मी!"

चांगला आहे का बघायला आधी मीच गडावर घालून गेलो होतो, म्हटलं. खिशातून काढला आणि दिला. आईला तो बरा बसला. तिनं तो मावशीला दाखवला आणि तिथून पट्ट्याचा खरा प्रवास सुरू झाला.

तेव्हा भातकापणी चालू होती. आमच्याकडं कापणीला इर्जिक असते, म्हणजे सगळ्या वाडीनं एकाच्या शेतावर राबायचं आणि ज्याचं शेत त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचं शेत. आता जिथं माणसं, विळे, बैल फिरतात, तिथं एक पट्टा घरात ठेवून घ्यायचा म्हणजे कोतेपणा! ज्याचा गुडघा त्या दिवशी बोलला त्यानं तो चढवायचा. एकानं मांडीला घातला, एकानं कोपराला. पलीकडच्या घरचे आबा, ज्यांची मांडी जुन्या आंब्याच्या बुंध्याएवढी, ते तर दोन दिवस तो घालूनच झोपले. मधे एकदा तो म्हशीच्या पायात पाहिल्याचं सांगणारे लोक आहेत. मी त्यांना खोटं पाडत नाही. कापणी संपली तेव्हा पट्टा आईकडं परत आला. त्याला हळदीचा, बामाचा आणि भाताच्या पेंढ्याचा वास येत होता आणि तो एवढा सैल झाला होता की त्यात लग्नाचं निम्मं वऱ्हाड बसलं असतं.

मग आम्ही भाचीचं केळवण केलं. पुरणपोळ्या झाल्या, साडी-चोळी झाली. आई तिची ओटी भरायला उठली आणि पट्टा सुळकन घसरून तिच्या घोट्यावर येऊन बसला.

भाची वाकली. "आजी, हे काय घातलंस?"

"तुझ्या मामानं आणलं. लय गुणाचं लेकरू हाय. आधी सोता घालून डोंगरावर गेलतं, चांगलं हाय का बघाया."

भाचीनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. ताटात पोळी होती म्हणून मी तिच्याकडं पाहिलं नाही.

"मामा, इकडं बसा. पाय पुढं."

वाटीच्या बाहेरच्या बाजूला, सांध्याच्या किंचित वर तिनं बोट दाबलं. माझी अशी किंकाळी फुटली की गोठ्यातल्या म्हशींनी दावी ताणली. मग चौकशी. सूज येते का? न्हाई. गुडघा अडकतो का, दगा देतो का? न्हाई. उतरताना दुखतं आणि दुमडून बसल्यावर? व्हय, व्हय.

"मग बिघाड गुडघ्याच्या आत दिसत नाही," ती म्हणाली. "खुब्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत मांडीच्या बाहेरून एक जाड पट्टी जाते. ती तिथं चिडलीय. गडावरून कसं उतरता तुम्ही?"

कसं म्हणजे? वाट एका अंगाला कललेली. पाहुण्यांना डोंगराच्या बाजूला ठेवायचं आणि आपण दरीच्या काठानं चालायचं, आणि गर्दी नसली की पळायचं. अशी माझी रीत.

"म्हणजे दर आठवड्याला तोच पाय, त्याच उतारावर, शिवाय पळत. आणि त्याला हा पट्टा?" तिनं पट्टा दोन बोटांत धरून उचलला. "मामा, याची पिशवी शिवा, भाजी आणायला."

धाकटा भाऊ कोपऱ्यात दंड चोळत उभा होता. "मी सांगत व्हतो..."

"तुम्ही थांबा, मामा," भाची त्याला म्हणाली आणि चोळीच्या मापासाठी आणलेली शिंप्याची टेप माझ्या पायाला लावली. मला उभं करून वाटीच्या मधोमध एक माप, वर मांडीला दुसरं. माप न देता घेतलेल्या पट्ट्यापेक्षा माझं माप दोन नंबरनं मोठं निघालं. मग तिनं समजावलं. अख्खी नळी हवी असेल तर या मापाची, काम करताना ऊब आणि आधार म्हणून. पण बाहेरच्या बाजूच्या या दुखण्याला उतरताना एक अरुंद पट्टा जास्त सोयीचा, वाटीच्या वर दोन बोटं, मांडीला. खाली एक बोट सहज जाईल एवढाच आवळायचा. मुंग्या आल्या की सोडायचा, झोपताना काढायचा.

"आणि पट्टा फक्त आधार देतो. बरं करायचं ते तुम्ही. महिनाभर गड बंद, रोज व्यायाम. हळदीच्या दिवशी मला भाज्याच्या लेण्यांच्या पायऱ्या उतरून दाखवायच्या. ओठ जरी चावलात तरी धाकटे मामा उचलतील."

पुढचा महिना मी ओट्यावर कुशीवर पडून वरचा पाय हवेत उचलत काढला. बायको शेजारी बसून मोजायची आणि मुद्दाम चुकायची. "आवं, आकडा इसरले मी. परत करा." भाऊ कामावरून येता-जाता उभा राहायचा. "दादा, व्यायाम करतोयस का दुपारची झोप घेतोयस?" मी पाय त्याच्या नाकापर्यंत उचलायचो.

हळदीच्या दिवशी लेण्यांच्या पायऱ्या मी असा उतरलो की दगडातल्या मूर्तींनी वळून बघितलं. भाचीनं फक्त मान डोलावली.

आणि लग्न. नवीन पॅन्टच्या आत नवा पट्टा, वाटीच्या वर दोन बोटं. वर गौरीहरापाशी मी भाचीला उचललं, दोन्ही हातांनी. मिशीचा पीळ मी मोठ्या मनानं सोडून दिला. जिन्याच्या तोंडाशी आलो. खाली अख्खं कार्यालय माना वर करून उभं आणि शेवटच्या पायरीशी माझा भाऊ, हात पसरून, मी पडायची वाट बघत.

भाचीनं माझ्या गळ्यात हात टाकला आणि कानाशी तोंड आणलं. खाली बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मामा-भाचीचं किती गुज! ती म्हणत होती, "उजवा आधी. आता डावा त्याच पायरीवर. पळू नका. मामा, पळू नका म्हटलं ना! परत उजवा."

उजवा, डावा. उजवा, डावा. सुई कुठंच नव्हती. शेवटच्या पायरीवर भाऊ पुढं झाला. "दे, दादा, आता मी घेतो."

"बाजूला हो," मी म्हणालो, "बोहलं दिसत नाही तुझ्यामुळं." आणि तिला पार बोहल्यावर नेऊन उभं केलं. टाळ्यांचा आवाज खंडाळ्याच्या घाटात दोनदा घुमला.

जेवणं उरकल्यावर भाऊ माझ्या शेजारी येऊन बसला. इकडं-तिकडं बघून हळूच म्हणाला, "दादा, तुझा त्यो पट्टा जरा दोन दिस देतोस का? बैठका मारताना माझ्या बी गुडघ्याला... ह्या बाहेरच्या अंगाला..."

मी खिशात हात घातला आणि केळवणापासून माझ्याकडंच राहिलेली शिंप्याची टेप त्याला काढून दिली.