मान राखून पडणाऱ्या मुली

पनवेलच्या कोळीवाड्यातली दिपा कोळी मुलींना कराटे शिकवायची. आता तिला बायकांचा वर्ग काढायचा होता. त्यात लाथाबुक्क्या नाहीत. कुणी हात धरला तर नेमक्या जागी नस दाबून तो सोडवायचा. हे ‘प्रेशर पॉइंट’ शिकवायची परवानगी जिल्ह्याचे मुख्य प्रशिक्षक कमलाकर सर देणार होते. १९९४च्या उन्हाळ्यात त्यांनी खास प्रशिक्षकांसाठी शिबिर भरवलं, तेव्हा दिपा सगळ्यांच्या आधी हजर!

“यातलं कुणाला काही येतं?” सरांनी विचारलं.

दिपा पुढे झाली. तिची विद्यार्थिनी रोशनी सोबत आली होती. तिला आपलं मनगट धरायला लावून दिपाने तिच्या कोपराखाली अंगठा टेकवला. रोशनी धाडकन खाली!

“आता महादेवच्या तावडीतून सुटून दाखव,” सर म्हणाले.

महादेव कळंबोलीचा प्रशिक्षक, गडी पैलवानासारखा. दिपाने दाबलं, पुन्हा दाबलं. तो हसायला लागला.

“अहो ताई, गुदगुल्या होतात!”

सगळे खो-खो हसले. सर रोशनीकडे वळले. “खरं सांग, दुखलं होतं?”

“नाही सर. पण चारचौघांत ताईंचं कसं दिसलं असतं?”

दिपाचे कान तापले. म्हणजे इतके दिवस मुली मान राखून पडत होत्या!

“महादेव, हसू नकोस,” सर म्हणाले. “तुझेही चेले असेच पडतात. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने बाहेरच्या माणसाला शिकवायचं. त्याला हात सोडवता आला, तरच परवानगी.”

त्या संध्याकाळी दिपाने मुलींना बजावलं, “दुखल्याशिवाय जी पडेल, तिला मैदानाला फेऱ्या!” मग काय, मुली खांबासारख्या उभ्या. दाबून दाबून दिपाचा अंगठा सुजला. एकदा तो चुकून तिरका घसरला आणि रोशनी किंचाळली, “आई गं!”

“खरं?”

“देवाशपथ खरं!”

दिपाने आनंदाने तिला मिठीच मारली. सरळ नाही, हाडाकडे तिरकं दाबायचं होतं!

शेवटच्या दिवशी सरांनी बाजारातून मासळी विकणाऱ्या सोनाबाईंना बोलावलं. त्या दिपाच्या वाट्याला आल्या, आणि हात धरायला नेमका महादेव. दिपाने जागा दाखवली आणि ती बाजूला झाली. आता फक्त तोंडाने सांगायची मुभा होती.

सोनाबाईंनी अंगठा हळूच ठेवला. “दादा, तुला लागंल रं.”

“लागू दे मावशी, सोडणार नाही मी.”

“मावशी, हाडाकडे दाबा!” दिपा ओरडली.

“अगो, परका पोर हाय त्यो!”

“हा पोर तुमची मासळीची पाटी पळवतोय असं समजा!”

सोनाबाईंचे डोळे बारीक झाले. अंगठा तिरका रुतला. महादेवची बोटं उघडली, गुडघा वाकला आणि “ओय ओय ओय!” सभागृहभर घुमलं.

“मावशी, सोडा! सोडा!”

“आता कसा? मगाशी तूच म्हनलास ना, सोडनार नाय!”

सर पोट धरून हसत होते. महादेव हात चोळत उठला. “सर, मी मान राखून पडलो नाही हं. लिहून घ्या.”

“दिसलं ते,” सर म्हणाले. “दिपा, वर्ग कधी सुरू करतेस?”

दिपाच्या आधी सोनाबाईंनीच पदर खोचला.

“उद्या बाजार उठला की. आमी सगल्या येतो. ह्या दादालाबी बोलव.”