नानांचं मिनिट

गाडी शाळेच्या फाटकाशी थांबली, हँडब्रेक ओढला, तरी कुणी उतरायचं नाही, असा नानांचा नियम होता. इंजिन चालूच असायचं. नाना स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसायचे आणि आम्हीही बसून राहायचो. आत जाणारी मुलं काचेतून डोकावून बघायची, यांचं आपसात भांडण झालंय की काय म्हणून. मग नाना एकेकाला एकच प्रश्न विचारायचे, "आज कोनाकडे देखशी?" उत्तर मिळालं की किल्ली फिरवायचे. गाडी गप्प व्हायची आणि आमचा दिवस सुरू व्हायचा.

नाना धुळ्याच्या आमच्या शाळेत पी.टी.चे शिक्षक. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट, कपाळावर बाराही महिने उन्हाची रेघ. मैदानावर ते शुद्ध मराठीत ओरडायचे आणि गाडीत बसले, किंवा नुसता गाडीचा विषय निघाला, की अहिराणीत यायचे. मी नोकरीला लागले त्या पहिल्या आठवड्यात त्यांनी मला स्टाफरूमच्या दारात गाठलं. "पारोळ्याची ना तू? मग बसने कशाला येतेस? आम्हीही तिथूनच येतो, गाडीत जागा आहे." मी म्हटलं, "नाना, रोजचं ओझं होईल तुम्हाला." ते म्हणाले, "ओझं? टर्बोची गाडी शे माय. तू बठनी तरी तिले समजाव नई."

ती जागा मिळाली नसती तर माझी नोकरी टिकली नसती, हे मी आजही मानते. शाळा सकाळी सातची. पहिली बस धुळ्याला पोहोचायची तेव्हा प्रार्थना संपलेली असायची. आईच्या दुखण्यामुळे धुळ्यात खोली करून राहणं शक्य नव्हतं. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली आणि महिन्याचा पगार आणणारीही पहिलीच. मी शिक्षणसेवक होते. कायम होण्याआधी मुख्याध्यापिकाबाईंचा अहवाल वर जाणार होता आणि वेळेच्या बाबतीत बाई फार कडक होत्या.

गाडीत आम्ही तिघं. नाना, मी आणि शाळेचे कारकून भाऊसाहेब. भाऊसाहेब मूळचे फैजपूरकडचे, केळीवाल्या घरातले. त्यांना दोनच गोष्टींची घाई असायची, निघायची आणि पोहोचायची. मधल्या रस्त्यात ते झोपायचे.

आमच्याकडची थंडी बाहेरच्यांना खोटी वाटते. उन्हाळ्यात भाजून काढणारं धुळं डिसेंबरात दात वाजवतं. अशा पहाटे गाडी काढणं हा नानांच्या घरी एक सोहळाच असायचा. किल्ली अर्धी फिरवायची, समोरच्या फळीवर वेटोळ्यासारखा पिवळा दिवा लागायचा. आतली गरम होणारी कांडी तापली की तो विझायचा, त्यानंतरच स्टार्टर. अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, तोवर आम्हाला चहा द्यायच्या. गाडी सुरू झाली की भाऊसाहेब म्हणायचे, "आता पाच-दहा मिनिटं राहू द्या उभी, तापू द्या चांगली." नाना मान हलवायचे. "उभं राहीसनी कोन्हं अंग तापस का? नुसतं डिझेल पिई ती. चला, हयूहयू चालू."

आणि खरंच, गावाबाहेर पडेपर्यंत गाडी नव्या सुनेसारखी जपून चालायची. थंडीत तेल घट्ट असतं, आत सगळीकडे पोहोचायला त्याला वेळ लागतो, तोवर इंजिनाला जोर करायला लावायचा नाही. नानांनी ते मला त्यांच्या भाषेत सांगितलं होतं. "गाडी उठनी शे, आजून जागी नई व्हयनी. पह्यले चालनं, मंग पयनं." पोहोचल्यावरच्या त्या मिनिटाचंही तसंच. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा. हायवेवर तो लालबुंद होऊन गरगरतो. पोहोचताच इंजिन बंद केलं की त्याचं तेल थांबतं आणि जागच्या जागी जळतं. "शर्यत पयीसनी उना पोऱ्या लगेच बसाडतस का? मैदानवर एक चक्कर चालाडनं पडस त्याले."

भाऊसाहेबांनी एकदा मोबाईलवर कुठेतरी वाचलं. म्हणाले, "नाना, यात लिहिलंय, गावातून सावकाश आलं की पंखा आधीच थंड झालेला असतो. मिनिटभर थांबायची गरज नाही."

नाना हसले. "गाडीले गरज नई ऱ्हाई, भाऊसाहेब. तुमले शे ना."

खरं म्हणजे गरज मला होती. त्या मिनिटात मला रोज एका मुलाचं नाव घ्यावं लागायचं. आज मी त्या मागच्या बाकावरच्या मुलीकडे बघेन, आज त्या पाढे चुकणाऱ्याकडे. नाव घेतलं की ते दिवसभर सुटायचं नाही. शिकवणं मी बी.एड.ला शिकले, पण वर्गातला एकेक चेहरा वेगळा बघायला त्या मिनिटात शिकले.

नानांचा अभिमान म्हणजे डिझेलचा काटा. आठवड्याच्या सुरुवातीला टाकी भरायची आणि शनिवारी घरी परतताना काटा अर्ध्याच्या खाली आलेला नसला की नाना शिट्टी वाजवायचे. हिवाळ्यात काटा लवकर घसरायचा. मग नाना चौकशी बसवायचे. गारठ्याने टायरची हवा उतरली का, हवेचं फिल्टर चोंदलं का, डिझेलच्या फिल्टरमध्ये पाणी साचलं का. काहीच सापडलं नाही तर भाऊसाहेबांच्या पोटाकडे बघायचे.

एका कडाक्याच्या पहाटे भाऊसाहेबांना गाडीची दया आली. नाना किल्ली आणायला आत गेले असताना त्यांनी पुढच्या जाळीत गोणपाट खोचून दिलं. अंधारात कुणाला दिसलं नाही. वाटेतलं मुकटी गाव मागे पडलं आणि उष्णतेचा काटा चढायला लागला. नानांनी गाडी कडेला घेतली आणि खाली उतरून बघितलं. हातात गोणपाट घेऊन ते खिडकीशी आले.

"हाई काय शे?"

भाऊसाहेब जागे होत म्हणाले, "थंडीचा चरका बसला असता तिला, नाना. आमच्याकडे केळीच्या घडाला बांधतात."

"केळीना घडले बांधतस, भाऊसाहेब. इले वारा लागस. चरका ते ऱ्हायना, ताप भरी ग्या तिले!"

मी घाबरून म्हटलं, "नाना, बंद करा ना इंजिन." ते म्हणाले, "नई. आते वारा मोकया व्हयना. तशीच चालू ऱ्हाऊ दे, तीच उतारी ताप." काटा हळूहळू खाली आला.  नानांनी गोणपाट घडी करून भाऊसाहेबांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "पांघरा. तुमले थंडी जास्त वाजस."

आम्ही हसलो, पण प्रार्थना चुकली होती. बाईंनी मला एकटीला बोलावलं. "तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही. पण अहवाल याच महिन्यात जायचाय. आणखी एकदा उशीर झाला तर मला तसं लिहावं लागेल." 

त्यानंतरच्या काही दिवसांत मला दिसलं की नाना गाडी फार सावकाश चालवताहेत. समोरून दिवे आले की ब्रेकवर पाय जायचा. एका दुपारी परतल्यावर त्यांनी स्वतःच सांगितलं. मोतीबिंदू. "समोरनी गाडी माले एक नई, तीन दिखतस. तीन मजारली खरी कोनती, ते ठरावामा टाईम जास." डॉक्टरांनी पहाटे गाडी चालवायची नाही असं बजावलं होतं. ऑपरेशनला अवकाश होता. भाऊसाहेबांचा हात दुचाकीच्या पुढे कधी गेला नव्हता.

 माझ्या मनात बसचं वेळापत्रक आणि बाईंचा अहवाल एकमेकांवर आपटत होते. नाना म्हणाले, "तोंड कसाले पाडस? तू चालाड."

लायसन्स मी कॉलेजात असताना काढलं होतं, हात मात्र कच्चा होता. शाळा सुटली, मैदान रिकामं झालं की नाना मला तिथे फिरवायचे. क्लच घाईने सोडला की शिट्टी. थंड इंजिन उगाच ओरडवलं की लांब शिट्टी. भाऊसाहेब कबड्डीच्या रेषेवर उभे राहून म्हणायचे, "आउट!" दिवसा हायवेवर, मग संध्याकाळी, आणि एके दिवशी नाना म्हणाले, "आते उद्या पहाटे."

आईला धास्ती वाटली, लोक काय म्हणतील म्हणून.  दुसऱ्या दिवशी वडील माझ्याबरोबर नानांच्या अंगणापर्यंत आले आणि खांद्यावरच्या उपरण्याने समोरची काच पुसून दिली. एका बाजूने नाही, दोन्ही बाजूंनी.

मी किल्ली अर्धी फिरवली. पिवळा दिवा विझला. गाडी उठली. नाना माझ्या डाव्या बाजूला, शिट्टी ओठांत धरून. त्या दिवशी धुकं होतं आणि वाटेतल्या फागणे गावाच्या पुढे तर ट्रकचा मागचा दिवाही उशिरा दिसत होता. मी वेग उतरवला. मागून भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, दाबा थोडं, सात वाजायला आलेत. तुमचाच अहवाल आहे." माझा पाय शिवशिवला. पुढे काय आहे ते दिसत नव्हतं. मी नानांकडे पाहिलं. शिट्टी तोंडात होती, वाजत नव्हती. मी पाय तसाच ठेवला. शहर जवळ आलं, धुकं विरळ झालं, तेव्हा गाडी जागी झालेली होती आणि मीही. शेवटचा रस्ता तिने अलगद ओढला.

फाटकाशी थांबले आणि शाळेची घंटा सुरू झाली. मी हँडब्रेक ओढला, दाराला हात घातला आणि थबकले. इंजिन चालू होतं. मिनिट बाकी होतं.

नानांनी शिट्टी तोंडातून काढली. "जाय तू, पय. तुन्हं मिनिट मी बसस."

मी धावले. प्रार्थनेच्या पहिल्या ओळीला माझ्या वर्गाच्या रांगेत उभी होते. फाटकाबाहेर गाडी धडधडत होती, ती मला तिथपर्यंत ऐकू येत होती. मग ती बंद झाली.

अहवाल चांगला गेला. मी कायम झाले. नानांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्यांना गाड्या पुन्हा एकेकच दिसायला लागल्या, पण चालवायची जागा त्यांनी परत घेतली नाही. "डोया माले भेटनात, हात तुले भेटना. आते कसाले बदलाडनं?" असं म्हणून ते निवृत्त होईपर्यंत माझ्या डावीकडेच बसले. आता ते अक्कांना घेऊन जळगावला लेकीच्या शेजारी राहतात. गाडी आमच्याकडे ठेवून गेले. शनिवारी त्यांचा फोन येतो आणि ते नमस्काराच्याही आधी डिझेल कुठवर आलंय ते विचारतात, "काटा कथा शे?"

निवृत्तीच्या दिवशी मीच त्यांना पारोळ्याला घरी आणलं होतं. मांडीवर शाल, नारळ, हारांचा ढीग. अंगणात अक्का ओवाळायचं ताट घेऊन उभ्या, भाऊबंद, शेजारी, सगळे. कुणीतरी धावत येऊन दार उघडायला लागलं. नानांनी आतूनच हात वर केला. थांबा.

इंजिन चालू होतं. ते समोर बघत बसले. विचारायचं त्यांना सुचलं नाही. मग मीच विचारलं.

"नाना, आज कोनाकडे देखशात?"

त्यांनी काचेतून अक्कांकडे पाहिलं. ताटातला दिवा वाऱ्याने विझू नये म्हणून त्यांनी पदर आडवा धरला होता. नाना बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले.

"देखी ऱ्हायनू," ते म्हणाले. "कर बंद."

मी किल्ली फिरवली.