चिमणाबाईची डांगरी

विंचूरच्या वाइन कारखान्यात चिमणाबाई नऊ वर्षं टाक्या धुते. माणूस उभा मावेल एवढ्या स्टीलच्या टाक्या. खालच्या झाकणातून आत शिरायचं, ब्रश मारायचा, द्राक्षांचा चिकट गाळ काढायचा. हे काम तिला मिळालं ते निळ्या डांगरीमुळे, म्हणजे शर्ट-पँट एकत्र शिवलेल्या कामाच्या कपड्यामुळे. पदर कुठेतरी अडकेल म्हणून कारखान्याचा नियमच होता, साडीवाल्यांनी बाहेर क्रेट धुवायचे. चिमणाबाईने सहा महिने क्रेट धुतले आणि मग स्वतःहून डांगरी मागितली. गावाची आठवडाभर करमणूक झाली. साडीवर नवऱ्याचा शर्ट चढवून द्राक्षबागेत राबणारी बाई गावाला चालते; पण दोन पाय दोन वेगळ्या नळ्यांत गेले की लगेच घराण्याची अब्रू धोक्यात. चिमणाबाईने अब्रूला तिच्या नशिबावर सोडलं. टाकीच्या आत तिला कुणी हाक मारत नाही, काम तिच्या मर्जीने चालतं, आणि ते तिला मनापासून आवडतं.

यंदा मालकांच्या डोक्यात सोहळ्याचं खूळ शिरलं. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनी यायचं, पायांनी द्राक्षं तुडवायची, फोटो काढायचे. सगळं जमवायला नाशिकहून वेदिका नावाची मुलगी आली. तिला कारखान्यात सगळ्यांत जास्त काय आवडलं असेल, तर डांगऱ्या. "किती ऑथेंटिक!" म्हणत तिने दोरीवरच्या झाडून सगळ्या डांगऱ्या अत्तर मारून पाहुण्यांसाठी ठेवल्या. डांगरीतली बाई मात्र तिला ऑथेंटिक वाटेना. चिमणाबाईला नऊवारी नेसवली, नाकात चापाची नथ लावली, हातात आरतीचं ताट देऊन दारात उभं केलं. कामाच्या कपड्यांत पाहुणे खेळले आणि कामकरीण नटून बघत राहिली. शिकल्यासवरल्या माणसांची वाटणी ही अशी असते.

सोहळा झोकात पार पडला. पाहुण्यांनी डांगऱ्या आठवण म्हणून घरी नेल्या. एक जण तर ती घालून मॉलमध्ये जाणार होता म्हणे.

सोमवारी सुपरवायझर अमोलने आनंदाची बातमी दिली. "मावशी, नशीब काढलंत! आता रोज दारातच. पगार तोच, सावलीत उभं राहायचं आणि येणाऱ्या पाहुण्यांना कुंकू लावायचं."

"आन् टाक्या?"

"ते बघेल दुसरं कुणी. तशाही डांगऱ्या संपल्या. आणि साडीवर आत सोडता येत नाही, नियम आहे."

नऊ वर्षांनी चिमणाबाईला पुन्हा दाराबाहेर काढलं होतं, आणि बाकीचे तिच्याकडे पेढे मागत होते.

घरी येऊन तिने पेटी उपसली. तिच्या नवऱ्याच्या, नवनाथच्या, सगळ्या पँटी गुडघ्यावर फाटलेल्या. धड असा एकच ऐवज निघाला, लग्नातला बदामी सफारी. नवनाथचं पोट पंधरा वर्षांपूर्वीच त्यातून बाहेर पडलं होतं, पण आपण कधीकाळी बारीक होतो याचा पुरावा म्हणून तो त्याने जपला होता.

"तो नको गं, लग्नातला हाय."

"लग्न काय तुमी एकट्यानीच केलं व्हतं का?"

दुसऱ्या दिवशी सफारी घालून, कमरेला सुतळी आवळून ती टाक्यांपाशी हजर झाली. अमोल बघतच राहिला. "मावशी, हे काय?"

"साडी नाय ना? मग झालं." आणि ती झाकणातून आत गेलीसुद्धा.

दुपारी वेदिका पुढच्या सोहळ्याचं ठरवायला आली. गाळाने लडबडलेली बदामी चिमणाबाई टाकीतून बाहेर पडताना बघून तिचे डोळे चमकले. "मावशी, काय भारी आहे हे! पाहुण्यांसाठी असे वीस शिवून घेऊ. नमुन्याला हा देता का?"

"देते की, ताई. पन आजून दोन टाक्या ऱ्हायल्यात. तुमी बी ब्रश घ्या, लवकर उरकंल."

वेदिकाला एकदम कुठलासा फोन करायचा आठवला. चिमणाबाई पुढच्या टाकीत शिरली. अमोल तिथेच उभा होता. त्याने नियम बाजूला ठेवला आणि वाकून पाण्याचा पाइप आत तिच्या हातात दिला.