तीन ठिपक्यांचा माल

आमच्या दारातल्या मोटारीचं नाव मी इथे सांगणार नाही. नाव सांगितलं की लोक भाव विचारतात, आणि भाव विचारला की माझं डोकं फिरतं. एवढंच पुरे, की गाडी पन्नासच्या दशकातली, गोल नाकाची, इंग्रजी बनावटीची आहे आणि ती बनवणारी कंपनी कधीच बुडाली.

बाबा रेल्वेत फिटर. मूळचे भुसावळचे, बदली होऊन जयपूरला आले आणि इथलेच झाले. मी शाळेत असताना एका जहागीरदाराच्या तबेल्यातून त्यांनी ही गाडी आणली, तीही नव्या स्कूटरच्या निम्म्या पैशात. त्या काळी जुनी मोटार म्हणजे लोकांना ब्याद वाटायची. क्वार्टरमधले शेजारी येताजाता विचारायचे की हे धूड हलवणार कधी. सुटे भाग तर वजनावर मिळायचे. शास्त्री नगरमधल्या एका भंगारवाल्याकडे बाबा रविवारी जात, ढिगात कोपरापर्यंत हात घालत आणि हवं ते काढून तराजूत टाकत. दाराची कडी असो नाहीतर गिअरची दांडी, लोखंडाला एकच भाव.

बाबांची एक सवय रेल्वेच्या शेडमधून घरी आली होती. एखादा भाग कायमचा निकामी ठरला, की त्यावर पोलादी पंच धरून हातोडीने तीन ठिपके उठवायचे. म्हणजे तो चुकूनही पुन्हा कुणी गाडीत बसवायचा नाही. बाबांचे ठिपके एका सरळ रेषेत आणि सारख्या अंतरावर असत, पट्टी लावून मारल्यासारखे. पोळपाटाला चीर गेली तेव्हा आई म्हणाली होती, "आता यालाही तीन ठिपके मारा." बाबांनी पोळपाट उलटसुलट करून खरंच पाहिला होता.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडलं आणि आम्ही प्रताप नगरात हाउसिंग बोर्डाच्या घरात आलो. तिथे गाडी कशीबशी मावली, बाबांनी जमवलेल्या लोखंडाला जागा नव्हती. त्यांनी सगळं त्याच भंगारवाल्याला वजनावर देऊन टाकलं. त्यात तीन ठिपक्यांचा एक स्टिअरिंग बॉक्सही होता, म्हणजे हातातलं चाक फिरवलं की पुढची चाकं वळवणारी लोखंडी पेटी. त्याला आतून तडा गेला होता. भट्टीत जाईल, वितळेल, बाबा म्हणाले. भंगार वितळतं, यावर त्यांचा साधा विश्वास होता. त्या वर्षी तीजेच्या सणाला भंगारवाल्याने आमच्याकडे घेवर, इथला जाळीदार गोड पदार्थ, पाठवला. आम्ही तो चवीने खाल्ला. आता वाटतं, तो दारातूनच परत पाठवायला हवा होता.

कारण दोन हजारच्या दशकात सगळं उलटंपालटं झालं. हवेल्यांची हॉटेलं झाली. हॉटेलवाल्यांना नवरदेव मिरवायला आणि परदेशी पाहुणे फिरवायला जुन्या मोटारी हव्या झाल्या. ज्यांनी आमच्या गाडीला धूड म्हटलं होतं, तेच आता घरी येऊन बॉनेटवर हात फिरवत आणि 'अंकलजी, विकायची आहे का' म्हणून विचारत. मी दारातूनच नाही म्हणायची. भंगारवाल्याने पत्र्याची शेड पाडली, काच लावली, एसी लावला आणि वर 'अँटिक'ची पाटी चढवली. जी कडी त्याने किलोने घेतली, ती आता लाल मखमलीवर ठेवलेली. वर प्रत्येक वस्तूला तो एक महाराजा चिकटवायचा. ही अमुक महाराजांच्या शिकारीच्या गाडीची, ती तमुक राणीसाहेबांच्या. मला त्या माणसाचा मनापासून तिटकारा आला, आणि तो मी कधी लपवला नाही.

त्याच सुमारास आमच्या गाडीचं स्टिअरिंग ढिलं झालं. चाक अर्धं फिरवावं तेव्हा कुठे गाडी वळायची. कानोत्याच्या धरणावर पुरी-भाजी घेऊन गेलो होतो, तिथून येताना बाबांनी गाडी रस्त्याच्या कडेने पायी चालल्यासारखी आणली. घरी आल्यावर किल्ली खुंटीला अडकवून म्हणाले, "आता दुरुस्त झाल्याशिवाय नाही." गाडीच्या कागदांची मुदतही संपत आली होती. त्या अवस्थेत आरटीओचा कुठलाही इन्स्पेक्टर तिला पास करणार नव्हता, आणि मुदत टळली की गाडी कायमची दारातच. बाबांनी निवृत्तीच्या पैशांतले थोडे बाजूला ठेवले होते, फक्त तिच्यासाठी. दुसरा काही शौक त्यांनी आयुष्यात केला नाही.

गाडीचा स्टिअरिंग बॉक्स झिजला होता, दुसरा घ्यायला आम्ही दोघं भंगारवाल्याच्या त्या दुकानात गेलो. त्याने काळा चकचकीत रंग दिलेला एक बॉक्स आतून आणवला आणि भाव सांगितला. अख्खी गाडी जेवढ्याला आली होती, त्याच्या दुपटीहून जास्त. बाबांनी तो उलटा केला, नखाने एका जागी रंग खरवडला. तीन ठिपके, एका रेषेत.

माझा संताप डोक्यात गेला. मी त्याला सरळ म्हटलं की हा आमच्या घरातून गेलेला माल आहे आणि तुम्ही तो किलोने नेलात. त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

"बाईसा, ये असली रेलवे वर्कशॉप का निशान है," तो म्हणाला. "इसी का तो दाम है."

बाबांना भावाशी काही घेणंदेणं नव्हतं. ते त्याला शांतपणे समजावत होते की याला आतून तडा आहे, एखाद्या खड्ड्यात हा तुटेल, मग हातातलं चाक गरगर फिरेल आणि गाडी सरळच जाईल. ही खूण म्हणजे हा मेलेला भाग आहे, कुणाच्याही गाडीत घालू नका. दुकानदार हसला. म्हातारा घासाघीस करतोय, एवढंच त्याला कळलं.

"बाऊजी, भाव गिराने का ये तरीका पुराना हो गया," तो म्हणाला. उद्या एका हॉटेलचा माणूस हा न्यायला येणार आहे, त्यांच्या वरातीच्या गाडीसाठी, हेही त्याने ऐकवलं.

मी बाबांना दंडाला धरून बाहेर काढलं. बस येईपर्यंत मी त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बाबा बसच्या खिडकीतून बाहेर बघत होते. मला वाटलं, दुसरा बॉक्स कुठे मिळेल याचा विचार करताहेत. दिल्लीत कुणीतरी आहे, असं ते मागे म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत शिकवून घरी आले तर अंगणात पिशवी पडलेली, आणि पिशवीत त्या बॉक्सचे तुकडे. सकाळी दुकान उघडायच्या आधीच बाबा तिथे जाऊन उभे होते. दुकानदाराने सांगितलेला भाव त्यांनी मोजला, एक रुपयाही कमी करून मागितला नाही. मग शेजारच्या लोहाराकडून घण आणला आणि दुकानाच्या पायरीसमोर बॉक्स फोडला. लोहाराने हे सगळं आईला सांगितलं होतं. तुकडे जड होते म्हणून बिचारा स्वतः पोचवायला आला होता.

मी खूप बोलले त्यांना. जे बोलायला नको तेही बोलले. ते पैसे गाडीचे होते, आता गाडी संपली, आणि त्या चोराच्या घरी आज दिवाळी. किलोने दिलेलं भंगार इतक्या पैशांना परत घेऊन फोडणारा माणूस अख्ख्या जयपुरात दुसरा सापडणार नाही, असंही म्हटलं. आई स्वयंपाकघरात भांडी आपटत होती, म्हणजे ती माझ्या बाजूने होती.

"त्याच्यावर माझी खूण होती," बाबा म्हणाले आणि हात धुवायला गेले.

कागदांची मुदत टळली. दसऱ्याला आईने नेहमीसारखा झेंडूचा हार बॉनेटवर घातला, पण बाबांनी किल्ली खुंटीवरून काढली नाही. दरवर्षी पूजा झाली की ते आम्हाला कॉलनीतून एक फेरी मारून आणायचे. त्या वर्षी आम्ही तसेच आत गेलो आणि जेवायला बसलो.

थंडीत माझ्या कानावर आलं की तो दुकानदार गिऱ्हाइकांना एका रेल्वेच्या बड्या साहेबाची गोष्ट सांगतो. साहेबाने म्हणे स्वतःची खूण असलेला माल वाट्टेल त्या किमतीला परत नेला. मी भांडायच्या तयारीनेच गेले. तो नव्हता, त्याचा पुतण्या होता. काउंटरवर मखमल होती, मखमलीवर एक भोंगा, दोन कड्या आणि एक दिवा. चारही वस्तूंवर तीन-तीन ठिपके, ताजे, चकाकणारे. हा माल फार चालतो, पुतण्या म्हणाला. मी न भांडताच मागे फिरले.

घरी आले तेव्हा बाबा अंगणात उन्हाला बसून मटार सोलत होते. मी सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले. पोस्टाच्या पासबुकात काय शिल्लक आहे ते ते मनात आठवताहेत, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"एका रेषेत आहेत का?" त्यांनी विचारलं.

"नाही. वेडेवाकडे आहेत."

"मग माझे नाहीत," बाबा म्हणाले, आणि त्यांनी पुढची शेंग उचलली.