खाली, कोपऱ्यात

चहा आधी पिऊन घ्या, नाहीतर हसताना सांडाल. मी तसा कमी बोलणारा माणूस. पण त्या रविवारी भीतीनं तोंडातून जे निघालं, ते आजतागायत परत घेता आलं नाही!

आमची वंदा लग्नानंतर परदेशी गेली. जाताना जळगाव जामोदहून एक कॉम्प्युटर आणून टेबलावर बसवून गेली. रविवारी सकाळी ती त्यात दिसायची. मांडीवर परी, माझी नात. परीला दर वेळी एकच गोष्ट हवी असायची: सातपुड्यात आबानं नुसत्या काठीनं अस्वल कसं पळवलं! अस्वल खरं होतं हो. पळालं कोण, ते राहू द्या.

त्या रविवारी मी उपरण्यानं सगळं पुसून काढलं आणि बसलो. चित्र आलं, पण आवाजच नाही! स्पीकर पडद्याच्या पोटातच होते. मी भोकांना कान लावला, फुंकर मारली, जुन्या रेडिओला द्यायचो तशी पाठीवर थापही दिली. छे! पडद्यावर, अगदी खाली, एक बारकासा भोंगा दिसला. अन् त्यावर लाल खूण!

फवारणीच्या डब्यावरची लाल खूण आम्हा कापूसवाल्यांना शिकवावी लागते का? जहर!

"गोदे, तिथं हात नको लावू व! फुटंल ते!"

"फुटायले तो का सुतळी बम आहे?" आमची मंडळी म्हणाली.

तिकडे वंदाचे नुसते ओठ हलत होते. तिनं कपाळावर हात मारला. मग बोटानं खाली दाखवलं, कोपऱ्यात, आणि तेच बोट हवेत टोचलं. टोच, टोच!

खाली, कोपऱ्यात, टोचणारं... दुसरं काय असणार?

"गोदे, साप! टेबलाखाली!"

"तिले तिथून टेबलाखालचं कसं दिसंल?"

"कॉम्प्युटरले सगळं दिसते!"

मी खुर्चीवर कधी चढलो, देवाला ठाऊक. काठी कोणी आणली? गोदानं. टेबलाखाली कोण वाकलं? तीच.

"मांगं तरी उभे राहा!"

"तू हो पुढं, मी वरून ध्यान ठेवतो. अन् चावलंच तर बोंबलू नको, पोरगी घाबरंल!"

पडद्यावर वंदा तोंड ओंजळीत धरून गदगदा हलत होती. आईसाठी रडून राह्यलं लेकरू! माझेही डोळे भरून आले. पण खाली उतरलो नाही.

टेबलाखाली गोदाची हरवलेली चप्पल तेवढी निघाली. ती उठली, पडद्याकडे पाहिलं. वंदाचं बोट अजून टोचतच होतं.

"अहो, ती पडद्याचा कोपरा दाखवून राह्यली!"

मी ओरडेपर्यंत तिनं माऊस सरकवून लाल खूण दाबलीसुद्धा. मी डोळे मिटले, कानांवर हात घेतले.

फुटलं ते हसू!

"बाबा, आमचाच आवाज तुम्हाले येत नव्हता. तुमचा सगळा येऊन राह्यला होता. सगळा!"

परी मात्र हसत नव्हती. तिनं गंभीरपणे विचारलं, "आबा, अस्वलापुढं पण आजीच गेली होती का?"

मी खुर्चीवरून हळूच एक पाय खाली सोडला. तेवढ्यात गोदा म्हणाली, "नाही व माय. मी असती, तर तुह्या आबाले पळावं लागलं नसतं!"