पोचा आलेला तांब्या

रेघमास्तर वर्गात आले की आधी आमची फडकी काढून घेत. ठाण्याच्या आमच्या मराठी शाळेत प्रत्येक पोराकडे पाटी पुसायला एक ओले फडके असायचे. चित्रकलेच्या तासाला ती सगळी मास्तरांच्या टेबलावर जमा व्हायची. थुंकी लावून बाहीने पुसणारा सापडला, तर त्याच्या कानाची धडगत नसे. "पुसायचं नाही!" ते ओरडत. "चुकली रेघ? चुकू दे. राहू दे तिथंच. दुसरी तिच्या शेजारी काढ. पहिली दिसलीच नाही, तर दुसरी कुठं काढायची ते कसं कळेल, गाढवा?" रेघमास्तर हे नाव आम्हीच ठेवलेले, आणि त्यांना ते ठाऊक होते.

बाकीच्या मास्तरांना चित्रकला म्हणजे पोरखेळ वाटे. हेडमास्तर तर उघड म्हणत, "त्या तासाला मोडी गिरवून घ्या, कुठं तरी चाकरी लागेल." रेघमास्तर यावर भयंकर संतापत, पण आमच्यासमोर. हेडमास्तरांसमोर त्यांच्या तोंडून "बरं" याखेरीज काही निघत नसे. तरी आम्ही पोरे त्यांना वाघ समजत होतो.

चित्र काढायला ते घरून आपला पितळी तांब्या आणत. "रोज बघता," ते म्हणत, "पण एकदा तरी पाहिलात का?" तांब्याला एका अंगाने पोचा आलेला होता. आम्ही सगळे तो खुशाल सोडून देऊन गोल गरगरीत तांब्या काढत असू. पोचा काढी तो एकटा लाडक्या. हा खाडीकडचा आगरी मुलगा, माझ्या शेजारी बसे. हिशेबात ढ, वाचनात त्याहून ढ. पण त्याच्या पाटीवर पाच-सहा चुकलेल्या रेघांमधून सातवी अशी उमटे की तांब्या उचलून पाणी प्यावेसे वाटे. त्याच्या बापाने बजावले होते, यंदा शाळा तपासायला येणाऱ्या डेप्युटीसाहेबांनी काही भले म्हटले तर शाळा, नाहीतर मिठागर. लाडक्याने ते मास्तरांना सांगितले. मास्तर म्हणाले, "साहेबांना तुझी पाटी बघू दे. मुंबईच्या चित्रशाळेसाठी तुझं नाव घालायला लावतो. पुढचं मी बोलतो."

पुढचं मी बोलतो! हे तीन शब्द आठवले की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

परीक्षेच्या दिवशी टेबलावर तोच तांब्या. डेप्युटीसाहेब पाट्या बघत आले. माझी पाटी बघून "स्वच्छ आहे" म्हणाले. असणारच! मास्तरांची पाठ फिरताच मी बाहीने तीनदा पुसली होती. मग लाडक्याची पाटी. साहेबांनी नाक मुरडले. "ही काय गिचमिड? आणि तांब्या असा वाकडा असतो?"

"पोचा हाय तो," लाडक्या म्हणाला. "मना दिसते."

हेडमास्तरांनी डोळे वटारले. साहेब म्हणाले, "पूस ते. नीट गोल काढ."

लाडक्याने मास्तरांकडे पाहिले. "मास्तर, तुमीच बोललाव ना, पुसाचा नाय म्हणून?"

सगळा वर्ग मास्तरांच्या तोंडाकडे बघत होता. मास्तरांनी एकदा हेडमास्तरांकडे पाहिले, एकदा साहेबांकडे. मग ते खाली वाकले आणि आपल्या उपरण्याच्या टोकाने लाडक्याची पाटी स्वतः पुसली. लख्ख पुसली. लाडक्याने पेन्सिल पुन्हा हातात घेतली नाही. साहेब पुढच्या पोराकडे वळले. दुसऱ्या दिवशी लाडक्याची जागा रिकामी होती आणि ती रिकामीच राहिली. मास्तर त्यानंतर फडकी मागेनासे झाले.

त्या साहेबाचा मला राग नाही, त्याला तांब्या कधी दिसलाच नव्हता. मला राग आला तो ज्याने आम्हाला डोळे दिले त्याचा, आणि माझ्या त्या स्वच्छ पाटीचा.

पुष्कळ वर्षांनी मास्तर थकल्याचे कळले म्हणून मी आगगाडीने कल्याणला त्यांच्या घरी गेलो. चार शब्द सुनावायचेच, असे ठरवून गेलो होतो. त्यांनी मला लगेच ओळखले. खोलीची चुन्याची भिंत खालपासून हात पोचेल तिथवर कोळशाच्या चित्रांनी भरलेली होती. सगळीकडे तोच तांब्या. एकावर एक रेघा, एकही पुसलेली नाही. कोनाड्यात तो पितळी तांब्या होता.

"पोचा जमत नाही रे," मास्तर म्हणाले. "समोर ठेवून काढतो, तरी जमत नाही. त्याला कसा जमला होता! आणि मी..." त्यांचा हात हवेतच पुसल्यासारखा हलला. "लाडक्या भेटतो का कधी?"

"मिठागरावर असतो," मी म्हणालो. "पाठीत वाकलाय."

मास्तर रडू लागले. मला त्यांची इतकी माया आली की "जाऊ द्या मास्तर, झालं गेलं," हे शब्द अगदी ओठांवर आले. पण तेही पुसणेच झाले असते. मी खाली पडलेला कोळसा उचलून त्यांच्या हातात दिला.